काडीकिड्यांच्या गणाला ‘फॅस्माटोडिआ’ का म्हणतात? ग्रीकमध्ये त्याचा अर्थ काय?

हे नाव ग्रीक ‘फास्मा’ या शब्दावरून आले आहे. त्याचा अर्थ आभास, छायारूप, भूत. शेवटच्या भागामागे ‘-ओडेस’ म्हणजे ‘-सारखा’ हा प्रत्यय आहे, म्हणून एकूण अर्थ ‘भुतासारखे’. किडा डहाळीवर समोरच असतो, पण काडीच वाटतो आणि हलला की अचानक ‘प्रकटतो’. नाव अगदी चपखल आहे.

‘फास्मा’च्या मुळाशी ‘फायनेइन’ (दाखवणे, प्रकट करणे) हे क्रियापद आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ संस्कृत ‘भा’ (भाति, म्हणजे चमकतो) या धातूशी जोडतात, आणि आपला ‘भास’ त्याच कुळातला. शब्द एकमेकांकडून घेतलेले नाहीत, पूर्वज एक आहे. मला यातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

मधला ‘ट’ कुठून आला? ‘फास्मा’ची षष्ठी ‘फास्मातोस’ होते, म्हणजे शब्दाचे खरे अंग ‘फास्मात-’. जुन्या पुस्तकांत ‘फॅस्मिडा’ दिसेल. तो याच गणाचा उल्लेख आहे, पण त्यात हे अंग तुटते. म्हणून व्याकरणाच्या दृष्टीने ‘फॅस्माटोडिआ’ अधिक शुद्ध मानतात.

मात्र या गणातली सगळीच नावे ग्रीक नाहीत. पानकिड्यांचे ‘फायलियम’ ग्रीक ‘फुल्लोन’ (पान) वरून आले, तर युरोपातल्या एका काडीकिड्याच्या प्रजातीचे ‘बॅसिलस’ हे नाव लॅटिन आहे: छोटी काठी.