जुन्या भातगिरणीतील ‘गिधाडाची पिल्ले’ आणि गुरांची औषधे : ठाणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (शहापूर तालुका) : आमच्या शेतावर बंद पडलेली जुनी भातगिरणी आहे. तिच्या माळ्यावर पांढुरक्या लवीची, विचित्र तोंडाची पिल्ले आहेत. जवळ गेले की ती सापासारखी फुत्कारतात. मुलांनी मोबाइलवर अमेरिकेतील एका पडक्या गोठ्यात गिधाडांनी पिल्ले काढल्याचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून ही गिधाडेच आहेत अशी घरात सर्वांची खात्री झाली आहे. वास्तूत गिधाड शिरणे हा मोठा अपशकुन असून माळा पाडून टाकावा, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. काय करावे?

उत्तर : माळा पाडण्याची घाई करू नये. आपण केलेल्या वर्णनावरून ती पिल्ले गिधाडाची नसून गव्हाणी घुबडाची (इंग्रजीत बार्न आउल) असावीत, आणि तसे असेल तर भात पिकवणाऱ्याने त्यांना हुसकावणे म्हणजे स्वतःचेच नुकसान करून घेणे आहे.

मुलांनी पाहिलेला व्हिडिओ खरा असू शकतो. अमेरिकेत काळे गिधाड आणि लाल डोक्याचे टर्की गिधाड अशा दोन जाती पडक्या गोठ्यांत, ओसाड घरांत आणि पोकळ झाडांत वीण करतात. त्या काटक्यांचे घरटे बांधत नाहीत. मादी उघड्या जमिनीवर किंवा फळ्यांवरच बहुधा दोन अंडी घालते आणि त्रास झाला नाही तर पुढील वर्षीही जोडी त्याच जागी येते. या गिधाडांना कंठातून सूर काढता येत नाही, त्यामुळे पिल्ले फुत्कारतात, आणि फार जवळ गेल्यास पोटातले सडके मांस ओकतात. तिकडच्या शेतकऱ्यांचेही या पक्ष्यांविषयी एकमत नाही. मेलेले जनावर साफ करणारा पक्षी म्हणून काहीजण त्याला राहू देतात, तर काळे गिधाड नुकत्याच जन्मलेल्या वासरांवर हल्ला करते अशी गोपालकांची तक्रार असते. तरीही १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही.

आपल्याकडील गिधाडे या गिधाडांची जवळची नातलग नाहीत. कोकणात आढळणारे पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडावर काटक्यांचे मोठे घरटे करते, तर लांब चोचीचे गिधाड कड्याच्या कपारीत राहते. नाशिकजवळच्या अंजनेरीचे कडे यासाठी प्रसिद्ध आहेत. दोन्ही जाती एका विणीत एकच अंडे घालतात. म्हणून आपल्या माळ्यावर एकाहून अधिक पिल्ले असतील, तर एवढ्यावरूनच गिधाडाची शंका जवळजवळ मिटते.

तरीही खात्री करून घ्यावयाची असल्यास दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पिल्लांचे आकार. गव्हाणी घुबडाची मादी पहिले अंडे घातल्यापासूनच उबवायला बसते, त्यामुळे पिल्ले एकामागून एक बाहेर पडतात आणि एकाच घरट्यात थोरले, मधले, धाकटे अशी लहानमोठी भावंडे दिसतात. दुसरी गोष्ट माळ्याच्या जमिनीवर सापडेल. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची अंगठ्याएवढी गोळी करून तोंडावाटे टाकते. ताजी गोळी काळी व चकचकीत असते, सुकली की राखाडी होते. अशी एक गोळी हातमोजे घालून बादलीभर पाण्यात भिजत ठेवावी आणि काडीने उकलावी. आत उंदराची बारीक कवटी आणि तिचे पिवळसर-नारिंगी पटाशीचे दात स्पष्ट दिसतील. हे काम घरातील ज्येष्ठांसमोर करावे, अशी माझी सूचना आहे, कारण कृषी अधिकाऱ्याने लिहिलेल्या कागदापेक्षा त्या कवट्यांचा परिणाम अधिक होतो.

भात पोटरीत असल्यापासून ते मळणी होऊन कणगीत पडेपर्यंत उंदीर आणि घुशी किती नासाडी करतात, बांध पोखरून खाचरातले पाणी कसे घालवतात, हे आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. घुबडाचे कुटुंब आपल्याच शेतातील आणि आसपासचे उंदीर रोज रात्री उचलत असते. त्याला आणखी मदत करावयाची असल्यास खाचरात माणसाच्या उंचीहून थोडे उंच, टी आकाराचे बांबूचे पक्षिथांबे उभारावेत. मात्र पिल्ले असेपर्यंत ब्रोमॅडिओलोनसारखे, उंदराला काही दिवसांनी मारणारे विष शेतात वापरू नये. विष खाल्लेला, सुस्तावलेला उंदीर घुबडाला सहज सापडतो आणि त्याच्या पोटातले विष घुबडाच्या व पिल्लांच्या पोटात जाते. पिंजरे लावणे, बांध छाटून बिळे मोडणे आणि बिळांत पाणी सोडणे या उपायांवर तोवर भागवावे.

गिरणीची दुरुस्ती करावयाची असेल तर पिल्ले उडून जाण्याची वाट पाहावी. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्यांना सुमारे दोन महिने लागतात. घुबडांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे घरटे मोडणे किंवा पिल्ले हलवणे हा गुन्हा ठरू शकतो. माळ्याखाली भात अथवा बियाणे साठवले असल्यास ते ताडपत्रीने झाकावे आणि विष्ठा झाडण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडून नाकातोंडाला फडके बांधावे.

आता अपशकुनाविषयी. गिधाड घरावर बसले की शांत करावी लागते, घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीत नेऊन झिजवते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो, या समजुती मीही गावोगाव ऐकल्या आहेत. दुसऱ्या समजुतीमुळे निदान दगड मारणाऱ्याचा हात थांबतो, एवढा तिचा फायदा आहे! परंतु शहापुरातून कसारा घाट चढून सर्वतीर्थ टाकेदला जाणारी, जटायूच्या नावाने तेथे हात जोडणारी घरेच गिधाडाला अशुभ मानतात, आणि लक्ष्मीचे वाहन म्हणून चित्रात घुबड पाहणारी घरेच ते माळ्यावर आले की घाबरतात, हे मला नेहमीच कोड्यात टाकते. घरातील ज्येष्ठांचा अवमान न करता ही विसंगती त्यांच्या लक्षात आणून द्यावी. शांत करावयाचीच असेल तर जरूर करावी, परंतु पिल्ले उडून गेल्यावर.

प्रश्न (नवी मुंबई) : तुर्भे परिसरात कचऱ्याच्या जागेवर मोठे तपकिरी पक्षी शेकड्यांनी घिरट्या घालतात. ती गिधाडे आहेत का?

उत्तर : नाहीत, त्या घारी आहेत. उडताना शेपटीला मध्ये खाच दिसली की घार समजावी. गिधाडाची शेपूट आखूड असते आणि मान उघडी असते.

प्रश्न (मुरबाड तालुका) : पूर्वी मेलेले जनावर माळावर टाकले की काही वेळात गिधाडे उतरत, आता फक्त कुत्री येतात. गिधाडे कोठे गेली, आणि आम्ही पशुपालकांनी यात काय करावे?

उत्तर : हा प्रश्न पशुपालकाकडून आला याचे समाधान आहे, कारण गिधाडे नाहीशी होण्याचे मुख्य कारण गोठ्यातूनच निघाले होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून भारतात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली, आणि लांब चोचीच्या गिधाडांचीही जवळजवळ तीच गत झाली. गुरांच्या सूज व वेदनेवर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्यामागे असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर दगावले तर ते मांसात शिल्लक असते. गिधाडाच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. मेलेले गिधाड फाडून पाहिले तर यकृत, हृदय आणि इतर अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा युरिक आम्लाचा पांढरा थर दिसतो. वर्षाला एकच पिल्लू वाढवणाऱ्या पक्ष्याची अशी हानी लवकर भरून निघत नाही. कोकणात आज पांढऱ्या पाठीची गिधाडे मुख्यतः रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्याच्या चिरगाव परिसरासारख्या मोजक्या जागी टिकून आहेत.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात असल्याचे आढळल्याने २०१५ मध्ये त्याचे इंजेक्शन ३ मिलीच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित करण्यात आले. केटोप्रोफेन आणि ॲसेक्लोफेनॅक यांच्या जनावरांतील वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. निमेसुलाइडही गिधाडांना मारक असल्याने ते टाळावे. जनावर वेदनेत असेल, तापाने बसून राहिले असेल तर पशुवैद्यकाकडून मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक आम्ल लिहून घ्यावे. ही दोन्ही औषधे गिधाडांना सुरक्षित आढळली आहेत आणि गुरांनाही त्यांचा चांगला गुण येतो. गावात इंजेक्शन टोचणारा कोणीही आला तरी कुपीवरचे नाव वाचल्याशिवाय सुई टोचू देऊ नये, आणि रिकामी कुपी जनावर बरे होईपर्यंत जपून ठेवावी.

औषधोपचार चालू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. नाकातोंडातून काळसर रक्त आले असेल तर ते कापू किंवा सोलू नये, फाशी (ॲन्थ्रॅक्स) या रोगाची शक्यता धरून आधी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. बिबट्याने जनावर मारल्यावर रागाच्या भरात त्या धुडावर कीटकनाशक शिंपडण्याचा प्रकार मुरबाड आणि शहापूर या जंगललगतच्या तालुक्यांत कोणीही करू नये. त्याने गिधाड, कोल्हा, गावची कुत्री असे जे जे त्यावर येईल ते सारे मरते, करणाऱ्यावर गुन्हा दाखल होतो आणि विष घातलेल्या धुडावर नुकसानभरपाईचा पंचनामा करून घेणेही कठीण होते. ती भरपाई हवी असेल तर धूड जागेवरून न हलवता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकास विनाविलंब कळवावे.