भरवशाची एव्हरो विमानं वायुदल का काढून टाकतंय?

एव्हरो हे वायुदलाचं जुनं मालवाहू विमान उडतं अजून, पण ते उडतं ठेवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय, म्हणून काढतायत. ‘साठ वर्षं उडतायत, मग बदलायचं कशाला?’ हा तुमचा प्रश्न नाशिकमध्ये मलाही बरेच जण विचारतात, कारण ओझरला मी विमानांच्या ओव्हरहॉलवर काम केलंय (लढाऊ विमानांच्या, पण म्हातारपण सगळ्यांचं सारखंच). पॅनल उघडलं की जुन्या वायरचं आवरण बोटानं जरा वाकवलं तरी तडकतं. एक वायर बदलायला हात घालावा, तर शेजारच्या चार खराब निघतात. त्यात एव्हरोच्या डार्ट इंजिनाचं उत्पादन कधीच बंद झालंय, त्यामुळे सुटा भाग मिळेपर्यंत विमान हँगरमध्येच. शिवाय एव्हरोला मागे रॅम्प (खाली उतरणारा मागचा दरवाजा) नाही, माल बाजूच्या दारातून चढवायचा. त्याच्या जागी येणाऱ्या सी-२९५ मध्ये जीप थेट मागून आत जाते, नाहीतर ७१ जवान बसतात. २०२१ च्या करारात अशी ५६ विमानं घेतली: १६ स्पेनहून तयार, ४० वडोदऱ्यात बांधायची.

मात्र हाच न्याय एएन-३२ या वायुदलाच्या दुसऱ्या जुन्या मालवाहू विमानाला सरसकट लावू नका. त्याला रॅम्प आहे, आणि इंजिनं इतकी दमदार की लेहसारख्या उंच, विरळ हवेच्या धावपट्टीवर ते आजही फार कामाचं आहे. तिथे नवीन विमान तेवढंच वजन उचलतं का, हे तपासल्याशिवाय जुनं काढणं मला पटत नाही.