गेमवर पीएचडी? लोकांना काय सांगायचं?

"पोर हुशार आहे, पण गेमवर संशोधन करायचं म्हणते. असं काही खरंच असतं, की खेळत बसायचं निमित्त?" हल्ली पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बऱ्याचदा येतात. मृणालची गोष्ट सांगते (नाव बदललंय).

वडिलांचं कराडजवळ खत-बियाण्यांचं दुकान. मृणाल मानसशास्त्रात एम.ए., सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्याची पात्रता परीक्षा, पहिल्याच झटक्यात पास. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा होती, वडिलांनी ओळखीत शब्दही टाकून ठेवला होता. आणि पोरीनं काढलं हे. वडिलांनी खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून टेबलावर ठेवलं. "मॅडम, जागतिक आरोग्य संघटना याला आजार म्हणते आणि आमची त्यातच डॉक्टर व्हायला निघालीय!"

कात्रण खोटं नव्हतं. गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या जागतिक यादीत आहे. ती यादी २०१९ साली मंजूर झाली, २०२२ पासून लागू आहे. पण नुसतं खेळणं म्हणजे आजार नव्हे. खेळावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळ्याआधी खेळ, नुकसान दिसूनही थांबणं नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं, तेव्हा तो शब्द वापरतात. यादीत तो घालावा की नाही यावर २०१७ साली संशोधकांमध्येच जाहीर वाद झाला होता. "हा वाद कुणीतरी अभ्यास केला म्हणूनच होऊ शकला," मी म्हटलं. वडील गप्प. पटलं असं नाही.

अशा मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारते : तुला नेमकं काय शोधायचंय? बरीच मुलं उत्तरादाखल आवडत्या गेमचं नाव सांगतात. मग बोलणं वेगळ्या वाटेला जातं, कारण त्यांना खेळायचं असतं किंवा गेम बनवायचा असतो. संशोधन हे घरच्यांना सांगायला बरं म्हणून. मृणालनं मात्र पिशवीतून खत कंपनीची जाहिरात असलेली डायरी काढली. मावशी कँडी क्रश खेळताना शेजारी बसून तिनं लिहिलेलं :

"४ मिनिटं. तिसऱ्यांदा हरली. 'मेलं!' म्हणाली. लगेच पुन्हा सुरू.
९ मिनिटं. दोन चाली उरल्या. अंगठा स्क्रीनवर अधांतरी, श्वास रोखलेला.
१२ मिनिटं. 'आता यात आपल्या हातात काही नाही.' फोन उशीखाली."

खाली अधोरेखित केलेलं : हरल्यावर माणूस चिडतो, पण खेळ सोडत नाही. मग सोडतो केव्हा?

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं होतं. रायन, रिग्बी आणि प्शिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली मांडलं की खेळ ओढून घेतो तो तीन गरजांमुळे : निवड आपली आहे असं वाटणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. मावशीचं ते बाराव्या मिनिटाचं वाक्य पहिल्या दोन गरजांवर नेमकं बोट ठेवतं. आणि हा शोधनिबंध मृणालनं तोवर वाचलेलाही नव्हता.

वडिलांना मी त्यांच्याच दुकानातलं सांगितलं. नवा फवारणी पंप आला की कंपनीचा माणूस शेतकऱ्याला विचारतो ना, पट्टा कुठे रुततो, दट्ट्या जड जातो का? गेम कंपन्याही खेळणाऱ्याला समोर बसवून तो कुठे अडतो, कुठे कंटाळतो ते बघतात. "हां, म्हणजे फीडबॅक," ते म्हणाले. मग खरा प्रश्न आला : "आणि पोटाचं काय?"

इथे गोड बोलून चालत नाही. अशा नोकऱ्या आपल्याकडे मोजक्या. सेटमुळे प्राध्यापकीची पात्रता मिळते, फेलोशिप नाही. त्यासाठी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप हवी, म्हणजे महिना ३७,००० रुपये. डेन्मार्कमध्ये पीएचडीचा विद्यार्थी पगारी नोकर असतो, आणि कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठात गेम संशोधनाचं केंद्रच आहे. आपल्याकडे कोलकात्यात सौविक मुखर्जींसारखे अभ्यासक या विषयात वर्षानुवर्षं काम करताहेत. लाखोंची फी घेणाऱ्या खासगी गेमिंग कोर्सच्या नादी मात्र लागू नको, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. नोंदणी मानसशास्त्र विभागातच कर. पदवी मानसशास्त्राची, गेम हा विषय. "मग पाहुण्यांना मानसशास्त्रात पीएचडी करते म्हणून सांगायला हरकत नाही," वडिलांनी लगेच मार्ग काढला. तासिका तत्त्वावरची नोकरीही कायमची नसतेच, हे मी म्हणायच्या आत तेच म्हणाले.

तूर्त ठरलं ते असं : वर्षभर कॉलेजातले तास घ्यायचे, सोबत जेआरएफचा अभ्यास, आणि गाईड शोधायचा तो विषयात रस असलेला, नुसती सही करणारा नको.

डायरीबद्दल एकच सूचना केली. ज्याचं निरीक्षण करायचं त्याची आधी परवानगी घ्यायची, मग ती घरातली मावशी का असेना. मृणालचा फोन आला : मावशी तयार आहे, पण आपण रात्री किती वाजेपर्यंत खेळतो हे काकांना कळता कामा नये, अशी तिची अट आहे. ही अट संमतीपत्रात कशी लिहायची, ते मृणालला विचारायचं होतं.