मुठीची ताकद: दोन ठिकाणचे आकडे थेट ताडून पाहू नका

ऐरोलीहून आपण लिहिले आहे की, मनगटाचे प्लास्टर निघाल्यावर मुठीची ताकद एका ठिकाणी २४ किलो भरली आणि तीन आठवड्यांनी दुसऱ्या ठिकाणी १८, त्यामुळे हात बिघडत चालला आहे की काय या काळजीने आपल्याला झोप लागत नाही. हे वाचून राहवले नाही, कारण उजवे मनगट मोडल्यानंतर मीही याच काळजीत दोन महिने काढले.

मी ठाण्यात राहतो आणि रबाळे एमआयडीसीत यंत्रावर काम करतो. रुजू होण्यापूर्वी ज्या केंद्रात मला तपासणीसाठी पाठवले (नाव लिहीत नाही), तिथे आधीच्या धिप्पाड गृहस्थांसाठी डायनामोमीटरचे (मुठीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) हँडल पाचव्या, म्हणजे सर्वांत लांबच्या खाचेत बसवले होते आणि ते तसेच माझ्या हाती दिले गेले. माझी बोटे आखूड असल्याने हँडलवर जेमतेम शेवटची पेरे टेकत होती. उभ्या उभ्या, हात खाली सोडून, एकदाच दाबायला लावले. काटा १९ वर थांबला. आठवडाभर आधी फिजिओथेरपिस्टकडे २८ भरले होते, हे सांगितल्यावर "यंत्र खोटे बोलत नाही" एवढेच उत्तर मिळाले आणि कागदावर "कामास अयोग्य" असा शेरा पडला. त्याहून मोठी चूक माझी होती: घाबरून मी दिवसभर रबरी चेंडू दाबत बसलो, मनगट सुजले आणि भरत आलेला हात पुन्हा मागे गेला.

बहुतेक ठिकाणी हँडल दुसऱ्या खाचेत ठेवतात. रुग्णाला खुर्चीत बसवून, दंड अंगालगत आणि कोपर काटकोनात ठेवून, मध्ये विश्रांती देत तीनदा दाबायला लावतात आणि सरासरी घेतात. सर्वोच्च आकडा दाखवणारा काटा आपोआप मागे येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी तो शून्यावर आणला ना, हे स्वतः पाहावे. वय, उंची, तळहाताचा आकार, वेदना, थकवा, इतकेच काय, तपासणारा किती जोर देऊन "दाबा, दाबा" म्हणतो, यानेही आकडा बदलतो. लोकलमध्ये दांडा धरून उभे राहून आल्यावर लगेच मोजू देऊ नका.

स्नायूंच्या झिजेवर (सार्कोपेनियावर) काम करणाऱ्या आशियाई कार्यगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ आणि स्त्रियांसाठी १८ किलो अशी मर्यादा सांगितली असली, तरी ती वयपरत्वे झिजणारे स्नायू ओळखण्यासाठी आहे. मोडून जुळलेल्या मनगटाला ती लावणे मला साफ चुकीचे वाटते. तुलना आपल्याच धडधाकट हाताशी करावी, फक्त उजव्या हाताने कामे करणाऱ्यांचा उजवा हात बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास सरस असतो, हे ध्यानात ठेवावे.

मी डॉक्टर नाही. बोटांना मुंग्या येत असतील किंवा सूज वाढत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसे नसेल, तर २४ किलो जिथे भरले तिथेच पुन्हा मोजून घ्या आणि खाचेचा क्रमांक, कोपराची स्थिती व तिन्ही आकडे अहवालात लिहून मागा. माझे हे सारे कागदावर आल्यावरच तो शेरा बदलला गेला.