बेसूर ऑर्गन मोडीत काढावा का?

प्रश्न : आमच्या जुन्या चर्चमधील पाइप ऑर्गन उन्हाळ्यात बेसूर होत असे, आता दोन वर्षांपासून तो बंदच आहे. पाइप मोडीत घालून इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड घ्यावा, असे समितीत घाटत आहे. अशा वाद्याला वारसामूल्य असते का? (एक वाचक, सदर, नागपूर)

उत्तर : असते. मात्र आधी बेसूरपणाविषयी लिहितो, कारण समितीचा रोख त्यावरच दिसतो. हवा तापली की तिच्यातील ध्वनीचा वेग वाढतो. त्यामुळे तापमान 20 अंशांवरून 40 अंशांवर गेले, तर बासरीच्या तत्त्वावर वाजणाऱ्या पाइपांचा स्वर अर्ध्या सेमिटोनाहून (सेमिटोन म्हणजे सप्तकाच्या बारा समान पायऱ्यांपैकी एक) किंचित अधिक चढतो, पितळी पत्तीच्या पाइपांचा मात्र जवळपास जागेवरच राहतो, आणि दोन्ही एकत्र वाजले की कानाला खटकतात. नागपूरच्या मे महिन्यात हे व्हायचेच. डिसेंबरात तेच पाइप पुन्हा जुळत असतील, तर त्यांना दोष कसा द्यावा?

आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गन पाइपांविना, नुसत्या पितळी पत्त्यांवर वाजणारा, त्यामुळे पाइपांची ही तऱ्हा आपल्याकडे फारशी कुणाच्या परिचयाची नाही. धातूचे पाइप बहुधा कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूचे असतात, आणि प्रत्येकाच्या तोंडाचा काप कारागिराने कानाने पारखत बेतलेला असतो. वाद्याचा आवाज अखेर त्या वास्तूच्या छताला आणि भिंतींना जुळवून घेतला जातो. वितळवल्यावर धातू तेवढाच राहील, तो काप मात्र जाईल. ऑर्गन बांधण्याची जर्मनीतील कारागिरी आणि त्याचे संगीत यांना युनेस्कोने 2017 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, ते याच कौशल्यासाठी. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचा सुमारे 8,000 पाइपांचा मोठा ऑर्गन 2019 च्या आगीतून वाचला, तरी त्यावर शिशाची धूळ बसली होती. तो सुटा करून, स्वच्छ करून पुन्हा जोडण्यात आला.

की-बोर्ड जरूर घ्यावा. प्रार्थना अडू नये. पण पाइप जागेवरच राहू द्यावेत. त्यांना पॉलिश करू नये, आणि कूलरचा झोत ऑर्गनकडे मुळीच नको, कारण कोरड्या उन्हाळ्यात रोज काही तास दमट हवा मिळाली की लाकडी पेटी फुगते, आकसते, तडकते, आणि भात्याचे चामडे सुटते. एखादा पाइप काढावाच लागला, तर मऊ धातूला बोटांनीही पोचे पडतात, हे लक्षात ठेवावे. त्यावर कोरलेले स्वराक्षर आणि पेटीवरील निर्मात्याची पाटी यांची छायाचित्रे त्याच वेळी काढून ठेवावीत.