आखाजीला ग्रीलवर वरण-बट्टी आणि भरीत जमेल का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी यावल तालुक्यातली. आखाजीला (अक्षय तृतीयेला) दोन्ही नणंदा पोराबाळांसकट येणारेत, पंधराएक माणसं होतील आणि स्वयंपाकघरात संध्याकाळी पण उभं राहवत नाही इतकं तापतं. दिराने पुण्याहून झाकणवालं कोळशाचं ग्रील आणलंय, तो म्हणतो पनीर टिक्का करू. पण सासऱ्यांना आणि पोरांना वरण-बट्टी आणि भरीतच पाहिजे. ग्रीलवर होईल का, की परत गॅसपाशीच उभं राहायचं?

उत्तर: होईल की, आणि गॅसपेक्षा चांगलं होईल. भरीत आपल्याकडे शेतात काड्यांच्या जाळावर होतं, बट्टी गोवऱ्यांच्या आरावर म्हणजे निखाऱ्यांवर, मग ग्रीलला वेगळं काय करायचंय? फक्त क्रम सांभाळा, आधी जाळ आणि मग आर. कोळसा पेटला की वर तुरीच्या वाळक्या काड्या टाकून जाळ करा आणि त्यावर वांगी भाजून घ्या, जाळ बसून कोळशावर पांढरी राख धरली की बट्ट्या लावा. उलटं केलं तर बट्टी वरून काळी होते आणि आत पीठ कच्चं राहतं. कपाशीच्या काड्या मी तरी वापरणार नाही, त्यांच्यावर फवारण्या फार झालेल्या असतात.

वांग्याचं म्हणाल तर बामणोदची हिरवी-पांढरी मोठी वांगी तुमच्या तालुक्यातलीच, जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय, पण त्यांचा खरा सीझन थंडीचा. आखाजीपर्यंत वांगी बियाळ व्हायला लागतात, म्हणून आकाराच्या मानाने हातात हलकं लागेल ते घ्या. टोचे मारा नाहीतर फुटतं, देठाजवळ मऊ पडेपर्यंत भाजा आणि झाकून ठेवा म्हणजे साल सहज निघतं, पाण्याखाली धरून अजिबात सोलू नका, सगळा धुराचा वास निघून जातो. मिरच्या पण तिथेच भाजा. मग लसूण, मिरची, वांगं सगळं बडगीत (लाकडी उखळीत) ठेचायचं, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर घातलेली तेलाची फोडणी. कांद्याची पात नसेल तर कांदा बारीक चिरून घाला, लहान पोरांचं मिरची घालायच्या आधीच बाजूला काढा.

बट्टीचं निम्मं काम सकाळी गारव्यातच उरकून टाका. पाच वाट्या गव्हाच्या जाडसर पिठाला एक वाटी मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, कडकडीत तेलाचं मोहन, घट्ट मळून गोळे करा आणि वीसेक मिनिटं वाफवा. गार झाले की फ्रिजमध्ये, एवढ्या उन्हात दिवसभर बाहेर ठेवू नका. संध्याकाळी कोळसा एका बाजूला ओढून बट्ट्या दुसऱ्या बाजूला मांडायच्या, झाकण लावायचं, अधूनमधून फिरवायच्या, आत वाफवलेल्याच असतात त्यामुळे कच्च्या राहायची भीती नाही. खमंग झाल्या की फोडून तूप सोडा, वर वरण. वरण तेवढं कुकरला लावा, त्याला ग्रीलवर चढवण्यात काही अर्थ नाही.

आता जरा कळकळीने सांगते. आपल्याकडे या दिवसात पारा 43-44 ला जातो आणि वारा पण सुटतो, त्यामुळे दिवस मावळल्यावरच पेटवा, कडब्याच्या गंजीपासून आणि गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीपासून लांब, जवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. पेट्रोल-रॉकेल ओतून पेटवू नका, नारळाच्या शेंड्या आणि गोवरीचा तुकडा पुरतो. वारा आला म्हणून ग्रील उचलून खोलीत किंवा बंद पडवीत तर मुळीच न्यायचं नाही, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, कळत पण नाही आणि माणूस जातो. जेवण झाल्यावर उरलेलं वरण-भरीत तासाभराच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

आणि दिराला नाराज करू नका, वांगी भाजायचं काम त्याच्याकडेच द्या!

प्रश्न: ग्रीलवर खापर पालथं ठेवून मांडे होतील का? (चोपडा)

उत्तर: नाही जमणार. मांड्याला खापराच्या खाली सगळीकडून सारखा जाळ लागतो, कोळशाचा आर मधोमधच जास्त लागतो आणि कडा कच्च्या राहतात, एवढं पुरण वाया जाईल. अंगणात तीन विटांची चूल मांडा आणि लाकडावरच करा.