१९०४ ते १९१७ या काळातील रशियन उखळी तोफा मिनिएचर वॉरगेममध्ये कशा दाखवाव्यात?

आपण २८ मिलिमीटर मापाच्या, म्हणजे साधारण तेवढ्या उंचीच्या सैनिकांच्या, प्रतिकृती घेऊन टेबलावर रशिया-जपान युद्ध आणि पहिले महायुद्ध खेळता. परंतु रशियन मॉर्टर म्हणून जे बाजारात मिळते ते बहुधा दुसऱ्या महायुद्धातले असते. तेच झारच्या सैनिकांसोबत ठेवले तर चालेल का, आणि चालत नसेल तर काय करावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते चालणार नाही. केवळ दिसण्यात फरक पडतो म्हणून मी हे म्हणत नाही. ते शस्त्र टेबलावर ज्या पद्धतीने वागेल ती पद्धतच त्या काळाची नाही, ही खरी अडचण आहे.

आधी शब्दाचा घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. मराठीत ‘उखळी तोफ’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरतो. आखूड नळीची, जाड आणि अवजड, तोफखान्याने ओढून न्यायची जुन्या वळणाची तोफ ही एक वस्तू. खंदकातून पायदळाने थोड्या अंतरावर बॉम्ब फेकायचे हलके साधन ही दुसरी. रशियन भाषेत या दोघींना वेगवेगळी नावे आहेत. पहिलीला ‘मोर्तिरा’ म्हणतात आणि दुसरीला ‘मिनोम्योत’, म्हणजे सुरुंग फेकणारे. पहिल्या महायुद्धात याच्या जोडीला ‘बोम्बोम्योत’, म्हणजे बॉम्ब फेकणारे, हेही नाव रूढ झाले. नियमपुस्तकातल्या रशियन यादीत ‘मॉर्टर’ असे लिहिलेले असते तेव्हा यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे प्रसंगाचे साल पाहून ठरवावे लागते, आणि प्रतिकृती त्यानंतर निवडावी.

बाजारात सहज मिळतो तो सोव्हिएत ८२ मिलिमीटरचा मॉर्टर १९३० च्या दशकातला आहे. गुळगुळीत नळी, खाली बैठकीची तबकडी, पुढे दोन पाय आणि वरून नळीत सोडायचा बॉम्ब, ही रचना इंग्लंडमध्ये विल्फ्रेड स्टोक्सने १९१५ मध्ये पुढे आणली आणि फ्रान्समध्ये ब्रांड्टने ती सुधारली. त्या घराण्यातले हे हत्यार १९०४ च्या टेबलावर ठेवले की खेळाडू नकळत त्याच्याकडून जलद माऱ्याची आणि लांब पल्ल्याची अपेक्षा करू लागतो. मीही सुरुवातीला हीच चूक केली होती. वेढ्याचा डाव मांडला, तेव्हा रशियन बाजूला नसलेले बळ मिळाले आणि संपूर्ण प्रसंगाचा तोल बिघडला, म्हणून ती प्रतिकृती मला काढून ठेवावी लागली.

या विषयाचा सर्वांत रसाळ भाग पोर्ट आर्थरचा, म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरील रशियाच्या तटबंदी केलेल्या नौदल बंदराचा, आहे. १९०४ च्या वेढ्यात जपानी सैन्य खंदक खणत किल्ल्यांच्या इतके जवळ आले की सपाट मार्गाने गोळा टाकणाऱ्या तोफांना त्या खंदकांच्या तळापर्यंत पोहोचता येईना, आणि हाताने फेकलेला बॉम्ब तेवढा लांब जाईना. जमिनीवरील संरक्षणाची धुरा सांभाळणाऱ्या जनरल कोंद्रातेन्को यांच्या हाताखाली तोफखान्यातील अधिकारी लिओनिद गोब्यातो आणि नौदलातील अधिकारी व्लास्येव यांनी यावर तोड काढली. बंदरात अडकून पडलेल्या जहाजांवर ४७ मिलिमीटरच्या हॉचकिस तोफा होत्या. त्यांपैकी एका तोफेची नळी चढ्या कोनात मारा करता येईल अशी चाकांच्या गाड्यावर बसवली, आणि नळीत मावणाराच गोळा हवा हा आग्रह सोडून दिला. पायरॉक्सिलिन हे स्फोटक भरलेला जाड बॉम्ब नळीच्या तोंडाबाहेर राहतो, त्याच्या शेपटीचा लाकडी दांडा तेवढा नळीत जातो, आणि मागून गोळा काढून टाकलेल्या काडतुसाच्या बाराने तो फेकला जातो. उड्डाणात दिशा टिकावी म्हणून शेपटीला पंख असत. बॉम्बचे वजन सुमारे साडेअकरा किलो होते आणि पल्ला ५० ते ४०० मीटर होता. रशियात या शोधाचे श्रेय पुष्कळदा एकट्या गोब्यातोला दिले जाते; मला मात्र दोघांची नावे सोबत घेणे न्याय्य वाटते, कारण नौदलाचे सुरुंग आणि तोफखान्याचा चढा कोन या दोन ज्ञानशाखा एकत्र आल्याशिवाय ही वस्तू घडलीच नसती. गोब्यातो पुढे १९१५ मध्ये प्शेमिश्लजवळच्या लढाईत मारला गेला.

ही तोफ घरी बनवणे अवघड नाही. २८ मिलिमीटरच्या प्रतिकृतींसाठी मी १:५६ हे प्रमाण धरतो. त्या प्रमाणात ४७ मिलिमीटरचे छिद्र सुमारे ०.८४ मिलिमीटर भरते, आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या १८ गेजच्या नव्या इंजेक्शनच्या सुईचे आतले छिद्र जवळजवळ तेवढेच असते. मूळ नळी सुमारे दोन मीटर लांब होती, म्हणजे आपल्याला ३६ मिलिमीटर लागतात, आणि दीड इंची सुई त्याला पुरते. टोकाचा तिरपा, धारदार भाग आधी घासून सपाट करावा; तो तसाच ठेवला तर खेळताना कोणाच्या तरी बोटाला इजा होईल. नळी मागच्या बाजूला जाड होत जाते, म्हणून तोंडाकडचा भाग उघडा सोडून मागे पातळ कागदी पट्टीचे एकावर एक वेढे द्यावेत आणि वरून रंगाचा जाडसर थर चढवावा. बॉम्ब एपॉक्सी पुट्टीचा करावा. आपल्याकडे नळ दुरुस्तीसाठी जे एम-सील मिळते ते यासाठी उत्तम आहे. पुट्टीत बारीक तार रोवून वाळू द्यावी, शेपटीला कागदाचे पंख चिकटवावेत आणि ती तार सुईच्या तोंडात सरकवावी. गाड्यासाठी एखाद्या हलक्या तोफेची सुटी चाके आणि प्लास्टिकच्या पातळ शीटच्या पट्ट्या पुरेशा होतात.

बॉम्ब चिकटवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो नळीच्या तोंडाबाहेर ठळक दिसतो, त्यामुळे तोफ भरलेली आहे की रिकामी हे दोन्ही खेळाडूंना वेगळी खूण न ठेवता कळते. मारा झाला की बॉम्ब काढून घ्यायचा आणि पुन्हा भरण्यासाठी एक पूर्ण पाळी खर्च करायची, हा नियम प्रतिकृतीतूनच आपोआप पाळला जातो. भरताना एका माणसाला नळीच्या तोंडापाशी यावे लागते. तोफ खड्ड्यात नसेल तर त्या पाळीत तोफकऱ्यांना आडोशाचा लाभ देऊ नये.

पल्ल्याच्या बाबतीत बहुतेक नियमपुस्तके फार उदार असतात. प्रतिकृतीच्या प्रमाणात ४०० मीटर मोजले तर ते सात मीटरांहून अधिक होतात, म्हणजे खोलीसुद्धा पुरणार नाही. त्यामुळे अंतरे आखडावी लागतात हे उघड आहे. परंतु ती सर्व शस्त्रांसाठी एकाच मापाने आखडली पाहिजेत. माझ्या टेबलावर रायफलचा परिणामकारक पल्ला ६० सेंटीमीटर आहे आणि तो मी ४०० मीटर समजतो. त्या हिशोबाने गोब्यातोच्या तोफेचा कमाल पल्लाही ६० सेंटीमीटरच ठरतो, आणि किमान पल्ला साडेसात सेंटीमीटर. ही तोफ रायफलपेक्षा लांब मारत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. तिचे बळ पल्ल्यात नसून, खंदकात दडलेल्या माणसाच्या डोक्यावर वरून कोसळणाऱ्या स्फोटकात आहे. म्हणून मी तिच्या माऱ्यात खंदकाचा आडोसा धरत नाही, बॉम्ब नेमका कोठे पडला हे फाशांनी बरेच विचलित करतो, आणि जवळ पडला तर जीवितहानीपेक्षा मनोधैर्याची कसोटी अधिक कठोर ठेवतो. एका डावात एक किंवा फार तर दोन तोफा असाव्यात. समोरच्या जपानी बाजूलाही बांबूने आवळलेल्या लाकडी नळीच्या उखळी तोफा होत्या. त्या तर दंडगोल लाकडी काडीपासून सहज होतात आणि डावाला समतोल देतात.

मोर्तिराविषयी थोडक्यात सांगतो. १८८५ च्या नमुन्याची सहा इंची मैदानी मोर्तिरा रशिया-जपान युद्धात होती. तिच्या गाड्याची रचना एंगेलगार्ट याची असून त्यात धक्का शोषण्यासाठी रबर वापरले होते. तिचा पल्ला सुमारे तीन किलोमीटर, म्हणजे माझ्या मापाने साडेचार मीटर होतो. अशी तोफ टेबलाच्या कडेला उभी करून ६० सेंटीमीटरवर डागणे मला पटत नाही. ती टेबलाबाहेर आहे असे समजून, डावाच्या आधी ठरवलेल्या जागी तिचे गोळे पाडावेत, आणि प्रतिकृती बनवायचीच असेल तर ती काबीज करायचे लक्ष्य म्हणून मांडावी.

पहिल्या महायुद्धात चित्र बदलते. युद्ध सुरू झाले तेव्हा रशियन पायदळाकडे पोर्ट आर्थरच्या त्या प्रयोगाचा पुढचा अवतार तयार नव्हता. खंदकांची आघाडी स्थिरावल्यावर तो घाईने उभा करावा लागला. लिखोनिन या अधिकाऱ्याचा ४७ मिलिमीटरचा मिनोम्योत इझोरा कारखान्यात बनला. फ्रेंच द्युमेझिलच्या रचनेवरून ५८ मिलिमीटरचा एफआर हा मिनोम्योत तयार झाला. त्या नावातील अक्षरे फ्रान्स आणि रशिया यांची आहेत. दोन्हींत बॉम्ब नळीबाहेरच राहतो, पण चाके जातात आणि आखूड नळी लाकडी पाटावर बसते. पल्ला साधारण ४०० ते ५०० मीटर, म्हणून पोर्ट आर्थरचेच नियम किंचित वाढवून चालतात. फरक एवढाच की पाटावर बसवलेले हे हत्यार डाव सुरू झाल्यावर हलवू देऊ नये. याउलट नॉर्वेच्या निल्स आसेनच्या रचनेचा ९ सेंटीमीटरचा बोम्बोम्योत लहान, पायांवर उभा आणि मागून भरायचा होता. त्याचा बॉम्ब पूर्ण नळीत जातो, त्यामुळे तो अधिक जलद डागू द्यावा आणि त्याच्या स्फोटाचे वर्तुळ मात्र निम्मे ठेवावे. १९१६ च्या हल्ल्यांचे डाव मांडताना मी एका एफआरमागे दोन आसेन ठेवतो. एफआर काटेरी तारांवर आणि मशीनगनच्या घरट्यांवर, आसेन समोरच्या खंदकावर.

तोफकऱ्यांची निवडही साल पाहूनच करावी. पोर्ट आर्थरच्या तोफेपाशी गडद गणवेशातले, फितीच्या टोपीचे खलाशी आणि पांढऱ्या किंवा मळकट रंगवलेल्या सदऱ्यातले तोफखान्याचे जवान एकत्र ठेवले तर त्या शस्त्राचा जन्म दोन दलांच्या मेळातून झाला हे पाहणाऱ्याला लगेच उमगते. १९१६ साठी खाकी सदरे किंवा राखाडी लांब कोट, आणि हिवाळा असेल तर लोकरी पापाखा टोपी. आपल्याकडे आधीच घेतलेला स्टोक्स जातीचा मॉर्टर असेल तर तोही वाया जात नाही: १९१९ मध्ये ब्रिटिशांनी जनरल देनिकिनच्या बोल्शेविकविरोधी श्वेत सैन्याला शस्त्रे पुरवली, त्या यादवी युद्धाच्या डावात तो योग्य जागी बसतो. मात्र तो मूळ तीन इंची स्टोक्सच हवा, १९३० च्या दशकातला सोव्हिएत नमुना नव्हे.